आठ रिकाम्या पेट्या

सोमवार, १२ ऑक्टोबर १९९८, सकाळचे सात वाजून चाळीस मिनिटे. धुळ्यातील आमच्या महाविद्यालयाच्या संगणक विभागात मी जिन्याच्या वळणावर उभी होते, एका माणसाला रंगेहाथ पकडण्यासाठी. जळगावहून पहाटेची एसटी त्यासाठीच धरली होती.

तो माणूस म्हणजे विभागातील ज्येष्ठ प्रयोगशाळा सहायक, नाना. संगणकांना एकमेकांशी जोडणाऱ्या आठ स्विच-पेट्यांची मांडणी, म्हणजे त्यांनी कसे चालायचे याच्या सूचना, ते वर्षानुवर्षे लाल वहीतून पाहून हाताने टंकत. मी आल्यावर ती मांडणी सर्व्हरवरील फायलींत लिहिली. वीज मिळाली की प्रत्येक पेटीने आपली फाईल सर्व्हरकडे मागायची. मनुष्याचा हात नको. पेट्यांच्या स्वतःच्या स्मृतीत मी मुद्दाम काही ठेवले नव्हते. आत काही नसेल, तर नानांना बदलायलाही काही नसेल.

तरीही दोन सोमवारी आठही पेट्या रिकाम्या आढळल्या. मी बंद करून पुन्हा चालू केल्या की नीट येत. त्यामुळे नानाच त्या रिकाम्या करतात हा संशय अधिकच बळावला. प्राचार्यांनी हा तिसरा सोमवार शेवटचा ठरवला होता. साडेनऊला ते स्वतः पाहणार होते, आणि माझी एका वर्षाची नेमणूक वाढणे त्यावरच अवलंबून होते.

शनिवारी बंद केलेली वीज नानांनी दारापासून खोलीमागून खोली चालू केली. पेट्यांत मांडणी टंकण्याच्या कळफलकाला ते शिवले नाहीत. शेवटी सर्व्हरपाशी आले आणि वळून न पाहताच म्हणाले, "चोर धराले उनी का, ताई?"

मी ओशाळून पुढे झाले. "सर्व्हर शेवटी का लावता, नाना?"

"बठ्ठास्मा मोठा हाऊच शे. उदबत्ती लावाशिवाय येले कसा हात लाऊ?" सगळ्यांत मोठ्याला उदबत्ती ओवाळून त्यांनी कळ दाबली. "आते मोज तुन्हा घड्याळवर."

मी मोजलेच. सर्व्हर जागा व्हायला दोनशे पन्नास सेकंद लागले. पेट्या फायलीसाठी पंचाण्णव सेकंद थांबत, मग रिकाम्याच सुरू होत. नाना पूर्वी मांडणी पेटीच्याच स्मृतीत साठवत, म्हणून त्यांच्या काळी क्रमाने काही बिघडत नसे. ती स्मृती रिकामी ठेवणारी मीच होते.

उपाय दोन होते. सर्व्हर आधी लावायला सांगणे, किंवा फायलींत एक ओळ वाढवून मिळालेली मांडणी पेटीतच जतन करणे. पहिल्याने नानांची पद्धत मोडली असती. दुसऱ्याने पेट्या त्यांच्या हाती उघड्या पडणार होत्या. घड्याळात सव्वाआठ झाले होते. मी आठही फायलींत ती ओळ लिहिली आणि पेट्या एकदा पुन्हा चालू केल्या.

साडेनऊला प्राचार्यांसमोर सर्व वीज बंद करवली. नानांनी आपल्याच क्रमाने, उदबत्तीसह, सुरुवात केली. सर्व्हर जागा होण्यापूर्वीच आठही पेट्या नीट आल्या.

"हीच पद्धत ठेवा. तुमचे पत्र काढतो," एवढेच बोलून प्राचार्य गेले.

"धराना का चोर?" चोर सापडला का, असे नानांनी विचारले.

संशय मात्र तेवढ्याने गेला नाही. दर सोमवारी मी पेट्यांतील मांडणी सर्व्हरवरील प्रतीशी ओळीने ताडून पाहत असे आणि वहीत 'परस्पर केलेले बदल' असा रकाना भरत असे. धुळे सोडले त्या आठवड्यापर्यंत तो भरला. त्यातील शेवटची नोंदही : ०.