दोष आढळला नाही

हवाई दलातली नोकरी संपवून मी दिल्लीत एका खाजगी विमान कंपनीत लागलो. तशा कंपन्या तेव्हा नुकत्याच निघाल्या होत्या. आमची गाझियाबादची सोसायटीही नवीच होती, लिफ्ट अजून बसायची होती. माझं काम विमानातली वायरिंग. वैमानिकाने तक्रार लिहिली की पॅनल उघडायचं, कनेक्टर काढायचा, पुसायचा, परत घट्ट बसवायचा. तक्रार जायची. पण दुरुस्ती म्हणून लिहिलं तर कारण द्या, सह्या घ्या, आणि विमान सोडायची घाई तर रोजचीच. म्हणून आम्ही सगळेच इंग्रजीत एक वाक्य लिहून मोकळे व्हायचो: तपासलं, दोष आढळला नाही.

माझ्या निवृत्तीच्या वर्षी कंपनीने एआय आणलं. कुठली वायर बिघडणार ते म्हणे आधीच सांगणार. शिकायला त्याला आमच्याच जुन्या नोंदी दिल्या होत्या. एका दुपारी चाकांच्या कप्प्यात मला आवरण झिजलेली वायर सापडली. एआयच्या स्क्रीनवर ती जागा हिरवी, म्हणजे धोका नाही. मी चिडलो. एआय सांभाळणाऱ्या तरुण इंजिनिअर बाईंनी शांतपणे नोंदी उघडल्या. “सर, यहाँ सात बार शिकायत आई, और सातों बार कुछ निकला ही नहीं.”

सातही सह्या माझ्या होत्या.

वायर बदलली. अर्धा तास बसून कारणासकट सगळा फॉर्म भरला. शेजारच्या विमानातली तीच जागा मात्र हिरवीच राहिली. सात वेळा मीच सांगितलं होतं, आता एकदा सांगून ते माझं कशाला ऐकेल.