रिकाम्या फांदीचा फोटो

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं विचारलं तर माझ्या तोंडी आधी भूगोल सरांचं नाव येतं. वडील नामपूरच्या कांदा मार्केटमध्ये हमाल. दहावीचा निकाल लागला त्या दिवशी सर तिथे गेले आणि वडिलांना म्हणाले, "दादा, पोरगं नाशिकला पाठवा. पाठीवर ओझं घ्यायला तुम्ही एकटे पुरे." आमच्या घरातला पहिला पदवीधर मी त्यामुळे झालो.

सरांच्या खिशात पेनाशेजारी साबणाच्या वडीएवढा डिजिटल कॅमेरा असायचा. प्रत्येक सुट्टीत ते एकटे कुठेतरी जाऊन यायचे आणि शाळा उघडली की फोटो वर्गात फिरवायचे. फोटो वाईट असत. झूम तोकडा, म्हणून हिमशिखर मिठाच्या खड्याएवढं. लेण्यात फ्लॅश पुरायचा नाही; मूर्तीचा गुडघा पांढराफटक आणि वर नुसता अंधार.

एकदा जंगलातला फोटो आला. मागच्या बाकावरून अहिराणीत आवाज आला, "सर, हाऊ वाघ शे का डाग शे?" वर्ग खो खो हसला. सरही हसले. "डागच शे भो. पन मी देखेल शे." मग माकडं एकाएकी कशी गप्प झाली, जीपवाल्याचा हात गिअरवर कसा थिजला, हे ते सांगत राहिले. घंटा झालेली कुणाला कळली नाही.

बटण दाबल्यावर तो कॅमेरा क्षणभर विचार करायचा. तेवढ्यात पक्षी उडून जायचा. सरांनी रिकाम्या फांदीचा फोटोही जपला होता. "इथे खंड्या होता. उशीर कॅमेऱ्याला झाला, मला नाही." मी विचारलं, "सर, नेटवरचा फोटो का नाही आणत?" म्हणाले, "तिथे मी नव्हतो. मग त्याचं तुम्हाला काय सांगू?"

सर निवृत्त झाले तेव्हा माजी विद्यार्थ्यांनी सत्कार ठरवला. मंडपाभोवती सरांच्या प्रवासाचे फोटो फ्लेक्सवर लावायचे होते. सरांनी हौसेने सगळे फोटो दिले, नवा सफारी शिवला. फ्लेक्सवाला म्हणाला, एवढे मोठे केले तर नुसते चौकोन दिसतील. मी ग्रुपवर लिहिलं, लहानच छापू, लोक जवळ जाऊन बघतील. उत्तर आलं, "भाऊ, पाहुण्यांच्या हातात भिंग देणार का?" खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग.

कार्यक्रमाला गेलो तर मंडपभर नेटवरचे फोटो. निळंशार आकाश, लखलखीत शिखरं, डोळ्यांत डोळे घालून बघणारा वाघ. प्रत्येकाखाली 'छायाचित्र' म्हणून सरांचं नाव. सर वाघासमोर थांबले.

"हा कुणी काढला?"

"तुम्हीच की सर!" संयोजक म्हणाला. सगळे हसले. सर हसले नाहीत.

भाषणाला उभे राहिले तेव्हा त्यांनी एकच वाक्य उच्चारलं, "यातलं माझं काही नाही," आणि खाली बसले. लोकांना तो विनय वाटला. जोरात टाळ्या पडल्या.

त्यानंतर सर कुठे गेले नाहीत. भेटायला गेलो की पावसापाण्याचं बोलतात. प्रवासाचा विषय काढला की म्हणतात, "नेटवर आहे की सगळं." शेवटी मी पत्र पाठवलं. उत्तर अजून आलेलं नाही. पत्र असं होतं:

आदरणीय सर,
सा. नमस्कार.

दिवाळीत आम्ही राजस्थानला जाऊन आलो. मोबाइलवर फोटो फार स्वच्छ आले, वाळूचा कण न् कण दिसतो. ऑफिसात दाखवले, सासरी दाखवले. सगळे 'मस्त' म्हणाले आणि बोटाने पुढे सरकले. उंट बसताना पुढचे पाय आधी मोडतो, तेव्हा वरचा माणूस तोंडावर पडता पडता कसा वाचतो, हे कुणी विचारलं नाही.

माझी मुलगी तेवढी विचारते. वाळवंटात रात्री आवाज कसले येतात, म्हणाली. रात्री आम्ही शहरातल्या हॉटेलात होतो, मला सांगता आलं नाही. तुम्ही तिकडे गेला होतात. रविवारी तिला सुट्टी असते. तुम्हाला आमच्याकडे न्यायला सकाळी गाडी घेऊन दारात येतो. नाही म्हणू नका.

आपला विद्यार्थी