अर्धं पाऊल

वेल्डरकाका तसा फटकळच. बायको गेली तेव्हा भेटायला आलेल्यांनाही म्हणाला, "रडायचं तर बाहेर जाऊन रडा." पण तिच्याबरोबर तिचा नाचही गेला, हे मात्र त्याला सोसेना.

पूर्वी वस्तीच्या सभागृहात दरवर्षी नृत्यमहोत्सव भरायचा. वस्ती कुठकुठून आलेल्यांची, गल्लीगणिक भाषा वेगळी, नाच वेगळा. नियम एकच, आपला नाच आपण करायचा नाही, शेजारच्या गल्लीला शिकवायचा. त्यामुळे बायकांचं एकमेकींच्या घरी सारखं येणं-जाणं असायचं. मग पाण्याच्या नळावरून दोन गल्ल्यांत जुंपली, दगड उडाले आणि काकाचा तरणाताठा मुलगा हकनाक गेला. दगड कुणाचा ते कळलं नाही, पण आला पलीकडच्या गल्लीतून. महोत्सव बंद पडला. येणं-जाणं थांबलं. पोराच्या दुःखानं झुरून बायकोही गेली.

नाच येणारी ती शेवटचीच; आता काकाच्या गल्लीत तो एकीलाही येत नव्हता. बायकांचा सगळा जन्म शेजारणींना शिकवण्यात गेला, आपल्या पोरींना शिकवायचं शहाण्यांना सुचलंच नाही!

शेवटी मनावर दगड ठेवून काका पलीकडे गेला. बायकोकडून नाच शिकलेल्या शिंपीणबाईनं त्याला दारात पाहिलं आणि तिचं मशीन थांबलं.

"तिचा नाच येतो का अजून?" त्यानं विचारलं.

तिनं त्याला आत घेतलं, कुणी पाहू नये म्हणून कडी लावली आणि चिंध्या बाजूला सारून ती नाचू लागली. वळताना मात्र तिचं पाऊल अर्ध्यावरच टेकलं.

"चुकलात," काका गुरकावला.

"नाही, भाऊ. वहिनींनी असंच शिकवलंय. आम्ही सगळ्या असंच टाकतो."

काकाला आठवलं. बायकोचा उजवा गुडघा धरलेला होता. पुरं पाऊल तिला टाकताच येत नसे. तिचं दुखणं या बायकांनी नाच समजून जपलं होतं. त्याला हुंदका आवरेना.

"तुमच्या पोरींना पाठवा," बाई हळूच म्हणाली. "शिकवते मी."

"कोण पाठवणार इकडे? माझं पोर मारलंत तुम्ही."

बाईनं मान खाली घातली. काका उठला, दारापाशी जाऊन त्यानं चपला पायात सरकवल्या. कडीला हात लावून तसाच उभा राहिला. मग त्यानं चपला पुन्हा काढल्या.

"मलाच शिकवा," तो म्हणाला. "त्या अर्ध्या पावलासकट."