पायरी नाय रे

दादा वारला त्या दिवशी जीप दारात उभी होती. तिच्या दोन्ही बाजूंना खाली त्याने मुरबाडहून जाड पाइप बसवून घेतले होते. वेल्डर म्हणाला, "पायरीच ना शेट? पत्र्याला मारतो." दादा म्हणाला, "पायरी नाय रे, चासीला मार, खालच्या सांगाड्याला. गाडी दगडावर बसली तर हाच तिला धरील." मी हसले, "गाडी आहे का गोठा?" पाइप बसवले त्याच पावसाळ्यात कळा देणाऱ्या वहिनीला टोकावड्याच्या दवाखान्यात नेताना ओढ्यात जीप खडकावर कलली. दाराचा पत्रा अडकला असता तर आम्ही तिथेच राहिलो असतो. वहिनीने माझं मनगट आवळलं. "हलू नका गो दोघी," दादा पुटपुटला. लोखंड दगडावर करकरत राहिलं आणि जीप पाइपावर घसरत खाली उतरली. आता तेव्हा जन्मलेली भाची जीपमध्ये चढताना पाइपावरच्या त्याच ओरखड्यावर पाय ठेवते.