कासारणीचा शब्द

"हात ढिला सोड, बाय. तू आकडून धरल्यावर बांगडी कशी चढंल?" असं म्हणत ती समोरच्या बाईचा पंजा आपल्या दोन्ही हातांत घ्यायची, अंगठ्याचं हाड आत दाबायची आणि बांगडी सरकवता सरकवता बोलायला लागायची. कासारणीच्या हातात दिलेला हात मधेच ओढून घेता येत नाही. तुमच्यापैकी ज्यांनी भरून घेतल्या असतील त्यांना ठाऊक आहे, ओढला तर काच फुटून मनगटात घुसते. तेवढ्या वेळात ती हवं ते बोलून घ्यायची आणि समोरची मुकाट ऐकायची.

मी हदगावची. बाजारात अब्बांचं शिलाईचं दुकान होतं, मी मात्र नर्स झाले. तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर लेकरांना सुया टोचण्यात माझी चौदा वर्षं गेली. स्वभाव माझा तापट, हे आधीच सांगून टाकते. एखादी आई "आमचे हे नको म्हणतात" म्हणाली की माझा पारा चढायचा. आणि मी आवाज चढवला की माणसं दार लावून घ्यायची. माझ्याबरोबर घरोघर फिरणारी आशाताई मला म्हणायची, "सिस्टर, तुम्ही गप बसा, मी बोलते." ती बोलली तरी दार बंदच राहायचं, ते वेगळं.

कासारणीला मात्र कुणाचंच दार बंद नव्हतं. बाळंतिणीला बांगड्या भरायला ती लागायची, बाळाच्या काळ्या मनगट्या तिच्याकडूनच यायच्या. बांगड्या भरून झाल्या की बायका तिच्या पाया पडतात, तशी रीतच आहे. मी दहा वेळा जाऊन ज्या घरात पाण्याला कुणी विचारलं नव्हतं, त्याच घरात तिला पाट मिळायचा. सारं गाव तिला कासारीण म्हणायचं. मी मावशी म्हणायचे.

आमची गाठ पडली ती अशाच एका घरात. तिथला सासरा दारात उभा राहून मला म्हणत होता, "आमचं लेकरू खणखणीत हाय. चांगल्या जिवाला कामून सुया टोचता?" मी तोंड उघडणार तोच आतून आवाज आला. "सिस्टर, आत ये. हिचे दोन्ही हात माझ्याकडं हायत, लेकरू तू घे!" बाळंतीण खुदकन हसली. सासराही हसला. हसल्यावर माणसाला नाही म्हणणं जड जातं. बाळंतीण म्हणाली, "टोचा, पण हळू टोचा." कासारणीसमोरच मी बाळंतिणीच्या पोरीला पहिला डोस दिला.

तेव्हापासून आम्ही जोडीनं फिरायला लागलो. मी लसीचा डबा घेऊन, ती बांगड्यांची पेटी घेऊन. कुणाची सून कितव्या महिन्यात आहे, कुणाची लेक बाळंतपणाला माहेरी आली, हे मला माझ्या रजिस्टरापेक्षा आधी तिच्याकडून कळायचं. माझ्या हाताला हात लावून म्हणायची, "माय माय, काय हा हात! सुया टोचून टोचून लाकूड झालं याचं." आणि ईदच्या आदल्या दिवशी त्याच लाकडात डझनभर बांगड्या चढवून द्यायची.

कुणी अडलं की तिचं एकच बोलणं असायचं. "माझ्या नातवाला समदे डोस दिले. काय झालं? दोन दिस ताप आला, मांडी सुजली. तिसऱ्या दिसी घर डोक्यावर घेतलं भाड्यानं!" हे सांगताना ती त्या नातवाच्या रडण्याची नक्कल करायची, बायका हसायच्या आणि पुढच्या मंगळवारी अंगणवाडीत लेकरं घेऊन हजर व्हायच्या. माझं चाळीस वाक्यांचं भाषण एकीकडे आणि कासारणीचा नातू एकीकडे. मला थोडा रागही यायचा, खोटं कशाला बोलू. पण कोपऱ्यातल्या वीटभट्टीपासून मारुतीच्या पारापर्यंत एक लेकरू सुटत नव्हतं, याचं सुख मोठं होतं.

नातू म्हणजे तिच्या एकुलत्या मुलाचा मुलगा. मुलगा लातूरला डाळ मिलमध्ये कामाला. तिथं एका खोलीत राहणं, पाण्याची बोंब, म्हणून सून आणि लेकरू गावी हिच्याजवळ. मुलगा महिन्यातून एकदा यायचा. नातवाच्या डोसांचं मी विचारलं तेव्हा मावशी म्हणाली, "त्याचं लातूरला झालं गं. बाप आला की घेऊन जातो, टोचून आणतो." कार्ड दाखव म्हटलं तर म्हणाली, "लातूरलाच राहिलं वाटतं." मी बरं म्हटलं. दुसऱ्या कुणी असं सांगितलं असतं तर मी कार्ड शोधायला पेटीतले कपडे उपसायला लावले असते. तिच्या शब्दावर मी रजिस्टरात त्या लेकरापुढे बरोबरच्या खुणा केल्या. माझ्या पेनानं, माझ्या हातानं.

मग एका उन्हाळ्यात गावात गोवर आला. एक-दोन घरांत ताप, अंगावर पुरळ. मी आशाताईला घरोघर पाठवलं. ती परत आली आणि पदरानं घाम पुसत म्हणाली, "सिस्टर, कासारणीच्या घरी तीन दिस झाले, फोडणीचा वास न्हाई. दाराला लिंबाचा पाला हाय."

आमच्याकडे गोवर निघाला की घरात फोडणी देत नाहीत. देवी घरात आहे, तिला तेलाचा चटका लागू नये म्हणून. औषधही देत नाहीत, सुई तर नाहीच. अंगावर आलेलं दाबायचं नाही, सगळं बाहेर निघू द्यायचं. हे मला मावशीनंच कधीतरी हसत सांगितलं होतं, "जुन्या बाया असं मानतात" म्हणून.

मी चप्पल न घालता पळाले म्हटलं तरी चालेल. लेकरू अंधाऱ्या खोलीत पाल्यावर निजवलेलं. चौदा महिन्यांचा जीव. डोळे चिकटलेले, छाती भात्यासारखी वरखाली होत होती. मी मावशीकडे बघून ओरडले, "मावशी, याला तर डोस झालेत ना?"

जिचं तोंड कधी मिटत नव्हतं ती भिंतीला टेकून माझ्याकडे नुसती बघत राहिली. सून म्हणाली, "न्हाई टोचलं, सिस्टर. एकबी न्हाई."

बाकीचं मला नांदेडच्या वाटेवर अँब्युलन्समध्ये कळलं, सुनेकडून. या नातवाच्या आधी एक मुलगी झाली होती, लातूरला. साडेतीन महिन्यांची असताना डोस दिला आणि चौथ्या दिवशी ती गेली. डॉक्टरांनी सांगितलं, जन्मापासून काळजाला भोक होतं, डोसाचा काही संबंध नव्हता. बापानं ते ऐकून घेतलं आणि घरी येऊन लेकीच्या पाळण्यावर हात ठेवून शपथ घेतली की आता माझ्या घरात सुई येणार नाही.

"मी आणलं होतं याला एकदा," सून सांगत होती. "नववा महिना होता. अंगणवाडीच्या दारापतुर आणलं. आत्याबाई तिथंच होत्या. मी म्हणलं, तुम्ही हाव म्हणा, मी टोचून घेते, त्यांना कळू देत न्हाई. आत्याबाईंनी याला कडेवर घेतलं, दाराकडं बघितलं. मग म्हणल्या, जा घरी. ह्याला काय झालं तर माझा लेक जगायचा न्हाई."

त्या दिवशी मी आत बसून दुसऱ्या लेकरांना टोचत होते. दहा पावलांवर. आजही ते आठवलं की मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

लेकरू तिसऱ्या दिवशी गेलं. न्यूमोनिया झाला होता, फार उशीर झाला होता. मी आरोग्य केंद्राच्या डॉक्टरसाहेबांना रजिस्टरातल्या माझ्या खुणांचं खरं सांगितलं, नोटीस आली, मी उत्तर दिलं. ते जाऊ द्या.

गावात मात्र भलतंच सुरू झालं. समदे डोस घेतलेला कासारणीचा नातू गोवरानं गेला, मग सुयांचा उपयोग काय? हे बोलणं मावशीच्या कानावर गेलं असणार. दोन आठवड्यांनी, मंगळवारी, ती अंगणवाडीत आली. दहा-बारा बायका बसल्या होत्या. तिनं पेटी आणली नव्हती. उभ्याउभ्याच म्हणाली, "माझ्या नातवाला टोचलंच नव्हतं. मी खोटं बोलले. तुमची लेकरं टोचलेली हायत म्हणून वाचली. माझं टोचलं न्हाई म्हणून गेलं. सिस्टरचं ऐकत जावा."

मला वाटलं, आता तरी कळेल. एवढं डोळ्यांसमोर घडलं, आता कोण नाही म्हणेल? किती भोळी मी! मग तीच ती हसरी बाळंतीण, जिचे दोन्ही हात मावशीनं धरले होते, मुलीला कडेवर घेऊन उठली. "म्हणजे सवताच्या घरात भ्याली अन् आमच्या लेकरांवर करून बघितलं व्हय?"

"अगं, तुझी पोर धडधाकट उभी आहे!" मी ओरडले. माझा आवाज चढला. आणि माझा आवाज चढला की काय होतं ते मी वर सांगितलंच आहे.

पुढच्या मंगळवारी दोन लेकरं आली. त्याच्या पुढच्या मंगळवारी मी डबा तसाच परत नेला. मावशीकडे हात द्यायलाही कुणी जाईना. पाया पडणं तर दूरच. हदगावच्या बाजारातून बायका बांगड्या भरून यायला लागल्या. दिवाळीच्या आधी तिनं घराला कुलूप घातलं आणि मुलाकडे लातूरला गेली.

वर्ष-सव्वा वर्षानं तिचा फोन आला. सुनेला मुलगी झाली होती. "सिस्टर, नातीला नववा महिना लागला. अजून एकबी टोचलं न्हाई. माझं आता कुणी ऐकत न्हाई. तू ये, तू सांग त्याला."

मी रविवारी गेले. ठरवून गेले होते, आवाज चढवायचा नाही. मुलगा भला माणूस. खुर्ची पुसून दिली, चहा ठेवायला सांगितला, सगळं नीट ऐकून घेतलं. काळजाचं भोक, गोवर, न्यूमोनिया, एक ना दोन, मी सगळं समजावून सांगितलं. त्यानं मधे एकदाही तोडलं नाही. मग खाली बघून म्हणाला, "सिस्टर, माझी दोन गेली. एक टोचून गेली, एक न टोचता गेला. आता तुम्हीच सांगा, बापानं काय करावं?"

मला उत्तर येत होतं. तेच उत्तर मी चौदा वर्षं देत आले होते, आणि ते खरंच आहे. मी ते पुन्हा सांगितलंसुद्धा. तो म्हणाला, "बघू." आमच्याकडे "बघू" म्हणजे नाही. मावशी दाराशी बसून होती, तिनं मान वर केली नाही. सुनेनं माझा रिकामा कप उचलून नेला.

मावशी मला कोपऱ्यापर्यंत सोडायला आली, नात कडेवर. रिक्षा येईस्तोवर आम्ही दोघी उन्हात उभ्या होतो. ती अचानक म्हणाली, "खरं सांग. टोचलं असतं तर राहिला असता का तो?"

सगळ्यांनी तिला देवाची मर्जी म्हणून सांगितलं असणार. मलाही तेच म्हणता आलं असतं.

"हो, मावशी. राहिला असता," मी म्हणाले.

तिनं मान डोलावली, नुसती. रडली नाही. रिक्षा आली, मी बसले. मागे वळून बघितलं तेव्हा ती तिथंच उभी होती आणि नातीच्या उजव्या दंडावरून तिचा अंगठा हळूहळू फिरत होता. गोवरची सुई तिथं देतात.