लाल सॉकेट

अर्सेनकाका तोंडाने फटकळ आणि कामाला वाघ. उमेदीची सगळी वर्षं विजेच्या ट्रॉलीबसच्या डेपोत गेली. युद्धात डेपो बंद पडला, तेव्हा ते आमच्या रुग्णवाहिका कक्षात आले. इथे फोन घेणाऱ्या आम्ही चौघी. शहरातली वीज दिवसातून तीनदा जायची, पण आमचे फोन आणि सर्व्हर कधी बंद पडले नाहीत, कारण तळघरात काकांनी बसच्या जुन्या बॅटऱ्या जोडून ठेवल्या होत्या. त्यातल्या सर्वांत जास्त कुरकुरणाऱ्या बॅटरीचं नाव ‘सासूबाई’.

बॅटरीवरची सॉकेटं त्यांनी लाल रंगवली होती.

"लालला फक्त सर्व्हर आणि फोन, जास्त भार झेपत नाही," ते बजावायचे. "कुणाचा चार्जर दिसला तर तो खिडकीबाहेर, आणि लावणारी त्याच्या मागोमाग!"

तसलीच एक बॅटरी त्यांच्या घरी होती, मेलानियाकाकूंच्या प्राणवायूच्या यंत्राला. पीठगिरणीच्या धुळीने काकूंची फुफ्फुसं गेली होती. वीज गेली की ती बॅटरी दोन तास पुरायची. मग शेजारच्या रायिसाने आम्हाला फोन करायचा आणि आम्ही सिलिंडर पाठवायचा, असं ठरलेलं.

डिसेंबरातल्या त्या दिवशी वीज अडीचला गेली. चारला अंधार पडला. खिडकीतून उजेड दिसला तर वरून ड्रोन येतो, म्हणून आम्ही कपाळाला लाल दिवे बांधून बसलो. काका बाहेर बर्फात गोठलेल्या जनरेटरशी झगडत होते. तो एकदाचा सुरू झाला, साध्या पांढऱ्या सॉकेटांत वीज आली आणि काका आत आले. मिशीवर बर्फ, बोटं निळी.

"ओदार्का, साडेचारला रायिसाचा फोन येईल. लगेच गाडी सोड."

"सोडते हो. आधी चहा घ्या, मेल्यासारखे दिसताय."

"किटली पांढऱ्याला लाव हं."

"मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

आदल्याच आठवड्यात टेबलं खिडकीपासून आत सरकवली होती, कुठलं सॉकेट कुठे ते अजून हाताला बसलं नव्हतं. मी अंधारात चाचपलं, समोर पांढरं सॉकेट दिसलं, किटली लावली. तळघरात फट् आवाज झाला आणि संगणकांचे सगळे पडदे काळे झाले. फोन मुके.

काका तळघराकडे धावले. गारठलेल्या बोटांनी सगळं पुन्हा उभं करायला त्यांना अकरा मिनिटं लागली. माझं लक्ष घड्याळावर होतं. चार एकेचाळीसला पहिला फोन वाजला.

"मेलात काय सगळे?" रायिसा रडत होती. "केव्हापासून लावतेय! आता या सावकाश. आता घाई नाही."

काकूंना पुरल्यावर चौथ्या दिवशी काका कामावर आले. सोबत गोंद आणि काकूंचा शिवणाचा डबा. प्रत्येक लाल सॉकेटच्या कडेला त्यांनी कोटाचं एकेक मोठं बटण चिकटवलं.

"लाल दिव्यात लाल रंग पांढराच दिसतो. मी गाढवाने आधी तपासायला हवं होतं."

"काका, किटली मीच—"

"ठाऊक आहे. चहा कुणासाठी होता तेही ठाऊक आहे. डोळे मिट. बोट लाव. बटण लागतं?"

"लागतं."

"मग झालं."

त्यानंतर काकांनी कक्षात कधी चहा घेतला नाही, आणि मीही कधी विचारला नाही.