टॉवरचं गेट आणि शाळेचं फाटक

मंडळी, आजच घडलंय, म्हणून लगेच लिहिते.

लालबागची आमची चाळ पाडून तिथे टॉवर होणार आहे. आज आर्किटेक्टने चाळीच्या वरच्या मजल्यावर आम्हा भाडेकरूंना नकाशा दाखवला. पहिला प्रश्न काय आला असेल? "गेटातून आमच्या मंडळाचा गणपती जाईल ना?" तो म्हणाला, "म्हणूनच मोठं गेट समोरच्या रस्त्यावर ठेवलंय." टाळ्या पडल्या.

मी उठले. "ते गेट बरोब्बर शाळेच्या फाटकासमोर येतंय. सगळ्या गाड्या तिथूनच ये-जा करणार. पोरांनी चालायचं कुठून?"

"ताई, कामात खोडा घालू नका!" मागून कोणीतरी ओरडलं.

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "आता शाळा सुटेल. चला खाली, स्वतः बघा!"

मंडळाचे अध्यक्ष नानाकाका चिडूनच उतरले, मागोमाग आर्किटेक्टही. घंटा झाली, पोरं धावत बाहेर आली आणि तेवढ्यात शेजारच्या साइटचा डंपर रिव्हर्स येऊ लागला. दप्तर सावरत एक चिमुरडी नेमकी त्याच्या मागे. काकांनी तिला दंडाला धरून खेचलं. ती उभी होती तिथूनच डंपरचं चाक गेलं.

मग काका आर्किटेक्टला म्हणाले, "गेट मागच्या गल्लीत घ्या."

"पण काका, तिथे एवढी उंच मूर्ती वळणार नाही."

"मूर्ती लहान करू."

लालबागमध्ये हे वाक्य मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. तुमच्याकडे शाळेसमोर काय बांधतायत, ते घंटेच्या वेळी उभं राहून कोणी बघितलंय का?